विषय: बेलिंजरला साडेसतरा मिलियन???

प्रेषक: तात्या, नेपरव्हिल
बुधवार, ७ डिसेंबर २०२२

मंडळी, नमस्कार.

आपल्या मेलिंग लिस्टवर बेसबॉल नको असं ठरलंय ते माहितीये, पण कालची बातमी वाचून राहवेना म्हणून लिहितोय. आपल्या शिकागोच्या कब्ज टीमनी बॅटर कोडी बेलिंजरला घेतला. एका वर्षाचे साडेसतरा मिलियन. अहो, लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी याला गेल्या महिन्यात नॉन-टेंडर केला, म्हणजे चक्क सोडून दिला, आणि डॉजर्सकडे काय पैशाला तोटा आहे का, तरी त्यांना सुद्धा हा माणूस अठरा मिलियनच्या आसपास परवडेना, आणि आपण जवळपास तेवढेच मोजून त्याला वाजतगाजत घरी आणतोय. बॅटिंग अॅव्हरेज (हजार वेळा बॅटिंग केली तर किती हिट) २०२१ ला .१६५. या सीझनला .२१०. दीडशे स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद.

आपल्याच जेसन हेवर्डचं विसरलात का सगळे? डिसेंबर २०१५, आठ वर्षं, १८४ मिलियन, आणि पहिल्याच सीझनला .२३०. त्याला आत्ता नोव्हेंबरात सोडलाय, पण पुढच्या वर्षाचे २२ मिलियन अजून द्यायचेच आहेत. डावखुरा, फील्डिंग मस्त, बॅट झोपलेली. एक गेला, दुसरा आला. टीम ठरवणाऱ्या जेड हॉयरच्या मनात काय चाललंय ते विठोबालाच ठाऊक.

तात्या


प्रेषक: बापू, इव्हॅन्स्टन
बुधवार, ७ डिसेंबर २०२२

तात्या, हेवर्डच्या रागाचं बिल बेलिंजरच्या नावावर कशाला फाडताय. हेवर्ड कधीच सीझनला ४७ होमरनवाला (होमरन म्हणजे क्रिकेटचा सिक्सरच समजा) नव्हता. (आणि २०१६ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे फायनलच्या, सातव्या मॅचला क्लीव्हलँडमध्ये पाऊस पडला तेव्हा वेट रूममध्ये सगळ्यांना गोळा करून बोलला कोण? त्या सतरा मिनिटांसाठी मी त्याला १८४ माफ करतो, तुम्ही करू नका.)

बेलिंजर २०१७ ला रुकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवा खेळाडू), २०१९ ला एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू), .३०५, ४७ होमरन, ११५ आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर आलेले रन). वय आत्ता २७. असा माणूस बॅटिंग विसरतो कशी? विसरला नाही, खांदा गेला. ऑक्टोबर २०२०, नॅशनल लीगच्या फायनलची ब्रेव्ह्जविरुद्ध सातवी मॅच, ३-३ बरोबरी, यानी सातव्या इनिंगला होमरन मारला आणि आनंदाच्या भरात किके हर्नांडेझच्या हाताला हात असा आपटला की उजवा खांदाच निखळला. वर्ल्ड सिरीज तसाच खेळला आणि नोव्हेंबरात ऑपरेशन. आता हा डावखुरा बॅटर, म्हणजे उजवा खांदा पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) बाजूचा, सगळा स्विंग त्या खांद्याच्या पुढून ओढला जातो, त्यातला जोर गेला की छातीच्या उंचीच्या फास्टबॉलला बॅट पोचतच नाही. ते भरून काढायला माणूस स्टान्स बदलतो, हात खाली-वर करतो, आणि मग आधीचं जे चांगलं होतं तेही जातं. त्यात २०२१ च्या एप्रिलमध्ये ओकलंडला पहिल्या बेसवर पायावर पाय पडून डाव्या पायाच्या हाडाला क्रॅक. सप्टेंबरात बरगडी. तरीसुद्धा त्याच ऑक्टोबरात प्लेऑफमध्ये जायंट्सविरुद्धच्या पाचव्या मॅचला नवव्या इनिंगला निकालाचा सिंगल (एका बेसचा हिट) यानीच मारला होता, .१६५ वाला हाच.

आणि आपल्या सेंटर फील्डला, मागच्या मैदानात मधोमध, आहे कोण? यंदा तिथे संगीतखुर्ची चालली होती. डावीकडे हॅप, उजवीकडे सुझुकी, मधे बोंब. बाएझच्या बदल्यात मेट्सकडून आणलेला क्रो-आर्मस्ट्राँग अजून मायनर (खालच्या) लीगमध्ये आहे, तो वर येईपर्यंत कोणीतरी नको का?

बापू


प्रेषक: पिंटू, अर्बाना
गुरुवार, ८ डिसेंबर २०२२

काका लोकहो, एक गोष्ट कोणीच बोलत नाहीये, २०२३ पासून शिफ्ट, म्हणजे बॅटर जिकडे मारतो तिकडेच फील्डर गोळा करणं, बंद होतीये. दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफिल्डर आणि चौघांचे पाय मातीवर, मागे गवतात उभं राहायचं नाही. बेलिंजर सगळं उजवीकडे खेचून मारतो आणि तिकडे तीन-तीन जण उभे असायचे. त्याचे कितीतरी सिंगल तिथेच मेलेत. पण खरं सांगू का, शिफ्ट काढली म्हणून स्ट्राइकआउट कमी होत नाहीत, चेंडूला बॅट लागली तर पुढचं. आणि २०१९ ला त्यानी ९५ वॉक (खराब चेंडू सोडून फुकट मिळणारा पहिला बेस) काढले होते, यंदा ३८. हे खांद्याचं नाही हो बापूकाका, हे डोक्यातलं आहे, घाईचं.


प्रेषक: माई, शॉमबर्ग
गुरुवार, ८ डिसेंबर २०२२

मी एरवी लिहीत नाही, पोरांना लिटल लीगला ने-आण करता करता जेवढं कळलं तेवढंच मला कळतं. पण तात्याभाऊजी, श्वार्बरचं काय? डिसेंबर २०२० ला आपणच त्याला असं सोडलं ना, का तर म्हणे .१८८, आणि ते सुद्धा कोविडच्या साठ मॅचच्या सीझनमध्ये. नॅशनल्सनी दहा मिलियनला उचलला, जूनमध्ये त्यानी अठरा मॅचमध्ये सोळा होमरन मारले. यंदा फिलाडेल्फियाच्या फिलीजकडून ४६, नॅशनल लीगमध्ये सगळ्यात जास्त. आपण काढून टाकायचं आणि दुसऱ्यांनी टाळ्या घ्यायच्या, एकदा उलटं होऊ दे की.


प्रेषक: तात्या, नेपरव्हिल
गुरुवार, ८ डिसेंबर २०२२

माई, तुम्ही माझ्याच बाजूनं बोललात. श्वार्बर फुलला हे खरं, पण नॅशनल्सना काय मिळालं? जुलै २०२१ लाच त्याला बॉस्टनला देऊन टाकला, बदल्यात मायनर लीगचा एक पिचर. सोळा होमरन वॉशिंग्टनच्या नॅशनल्सकडून मारले आणि मोठं कॉन्ट्रॅक्ट दिलं फिलाडेल्फियानं.

माझं दुखणं तेच आहे. बेलिंजर खेळेल की नाही यावर तुम्ही खुशाल भांडा. समजा नाही खेळला, तर साडेसतरा पाण्यात. समजा खेळला, तर बरोब्बर अकरा महिन्यांनी त्याचा एजंट स्कॉट बोरास जाडजूड फाइल घेऊन बाजारात उभा, आणि तेव्हा आपल्यालाच दोनशे मिलियनचा आकडा सांगणार. म्हणजे हरलो तर आपलं नुकसान आणि जिंकलो तर बोरासचा फायदा. घ्यायचा होता तर तीन वर्षांना घ्या, कमी भावात, धोका पत्करताय तर मग फळ पण आपल्याच अंगणात पडू दे. एका वर्षाचं डील म्हणजे रिकव्हरीचं हॉस्पिटल आपण चालवायचं आणि बरा झालेला पेशंट दुसऱ्याच्या शेतावर कामाला.


प्रेषक: बापू, इव्हॅन्स्टन
गुरुवार, ८ डिसेंबर २०२२

तीन वर्षांना तो आला असता तर ना! बोरासनीच एक वर्ष मागितलं असणार, पडलेल्या भावात कोण स्वतःला तीन वर्षं बांधून घेईल. आणि अगदीच हात हलवत नाही राहणार आपण, चांगला खेळला तर क्वालिफायिंग ऑफर (लीगनं ठरवलेल्या रकमेचं एका वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट) द्यायची, नाकारून गेला तर ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडताना, जादा पिक मिळतो. आणि टीमच घसरली तर जुलैमध्ये विकायचा. यंदा ७४-८८ (जिंकलेल्या-हरलेल्या मॅच) झालो आपण, त्याच्या आधीच्या वर्षी ७१-९१. रिझो, ब्रायंट, बाएझ एका आठवड्यात विकून टाकलेली टीम आहे ही. आपण काय लगेच वर्ल्ड सिरीजच्या गोष्टी करतोय का?


प्रेषक: मॉडरेटर
गुरुवार, ८ डिसेंबर २०२२

संक्रांतीच्या कार्यक्रमाला अजून निम्म्या लोकांनी जेवणाचं कळवलेलं नाही. बेसबॉलवर मात्र दोन दिवसांत ही एवढी मेलं. गुळाच्या पोळ्या बाहेरून मागवायच्या आहेत, आकडा लागतो. आणि शिकागोच्याच दुसऱ्या टीमच्या, व्हाइट सॉक्सच्या, चाहत्यांनी मला वेगळं मेल करून ‘कब्जचा प्रचार थांबवा’ वगैरे लिहू नये, तुमचं ८१-८१ आम्ही काही लिस्टवर काढलेलं नाही.


प्रेषक: माई, शॉमबर्ग
शनिवार, २४ डिसेंबर २०२२

आमचे चार, एक लहान. 

आणि तात्याभाऊजी, कालचं आयपीएलचं ऑक्शन बघितलं का? आपल्या अजिंक्य रहाणेला चेन्नईनं पन्नास लाखांत घेतला, बेस प्राइसला. टेस्टमधून बाहेर, केकेआरनं सोडलेला. आमच्या घरात सगळे म्हणाले आता धोनीला कशाला हवा हा. मी म्हटलं थांबा, हे बेलिंजरचंच प्रकरण आहे.


प्रेषक: तात्या, नेपरव्हिल
शनिवार, २४ डिसेंबर २०२२

पन्नास लाखांत मी पण बेलिंजर घेतला असता हो.


प्रेषक: पिंटू, अर्बाना
शनिवार, १५ एप्रिल २०२३

धागा उकरून काढतोय, माफ करा. काल रात्री डॉजर स्टेडियमची मॅच बघितली का कोणी? बेलिंजर पहिल्यांदा पाहुणा म्हणून तिथे बॅटिंगला आला, सगळं स्टेडियम उभं, यानी हेल्मेट काढून लोकांना मान दिला, आणि तेवढ्यात पिच क्लॉक (पुढच्या चेंडूसाठी लावलेलं घड्याळ) संपलं म्हणून अंपायरनं एक स्ट्राइक लावला!! म्हणजे टाळ्या घेतल्याबद्दल दंड. आणि पुढे हेवर्डचा (हो तोच, आपला, आता डॉजर्सकडे) होमरन जाणारा चेंडू यानीच भिंतीवर उडी मारून काढला. तात्याकाका, तुमचा गेलेला आउटफिल्डर आणि तुमचा आलेला आउटफिल्डर, एकाच चेंडूवर.

ता.क. माईंना सांगा, रहाणे वानखेडेवर मुंबईविरुद्ध २७ चेंडूंत ६१.


प्रेषक: माई, शॉमबर्ग
शनिवार, १५ एप्रिल २०२३

माईंनी बघितलं. दोन्ही बघितलं.


प्रेषक: तात्या, नेपरव्हिल
मंगळवार, १ ऑगस्ट २०२३

आज ट्रेड डेडलाइन, खेळाडूंच्या अदलाबदलीचा शेवटचा दिवस. सगळ्यांनी मला सकाळपासून मेसेज पाठवलेत म्हणून इथेच एकदाच लिहितो.

बेलिंजरचे जुलैमध्ये .४००, आठ होमरन. मे महिन्यात ह्यूस्टनला भिंतीवर आदळून गुडघा दुखावला, परत आला तर पहिल्या बेसवर उभा केला, तिथे पण छान. दोन स्ट्राइक झाले की आता नुसती बॅट लावतो, २०१९ सारखा खच्चून मारत नाही, स्ट्राइकआउट कमी झालेत ते त्यामुळे. पिंटूचं म्हणणं होतं घाई, ते मला जास्त पटतं, बापूंचा खांदा थोडा कमी पटतो. असो. पण मूळ मुद्दा तिथेच आहे मंडळी. बापू म्हणत होते टीम घसरली तर जुलैत विकू. टीम घसरलेलीच होती, आणि यानी इतकं खेळून ठेवलं की लागोपाठ आठ मॅच जिंकलो आणि हॉयरला विकायची सोयच उरली नाही, उलट काल नॅशनल्सकडून कँडेलारियोला विकत आणला. आता हा ऑक्टोबरपर्यंत आपला आणि नोव्हेंबरात बोरासचा. दोनशेचा आकडा मी डिसेंबरात लिहिला होता, वर स्क्रोल करून बघा.


प्रेषक: बापू, इव्हॅन्स्टन
मंगळवार, १ ऑगस्ट २०२३

नोव्हेंबरचं नोव्हेंबरात बघू. आज रात्री आपल्या मैदानावर, रिग्लीला, रेड्सविरुद्ध मॅच आहे, तुम्ही येताय की नाही तेवढं सांगा, गाडी मी काढतो, पार्किंगचे पैसे तुमचे.