घाट उतरताना एएमटी ट्रक: ‘डी’वर सोडायचा की ‘एम’मध्ये गिअर धरायचा?

उतारवाट (इंदूर)
मानपूर सोडून धामनोदकडे उतरताना गणेश घाटात भरलेल्या गाडीचे ब्रेक गेल्याच्या बातम्या आपल्याकडे नव्या नाहीत. आता ट्रान्सपोर्ट नगरात क्लच पेडल नसलेल्या, क्लच-गिअर आपोआप बदलणाऱ्या एएमटी गाड्या वाढल्यात आणि त्यांच्याबरोबर एक समजही पसरतोय, की गाडी ऑटोमॅटिक आहे, घाट ती बघून घेईल. माझं मत याच्या अगदी उलट आहे. घाट सुरू व्हायच्या आधीच ‘एम’ लावा (यात गिअर आपण ठरवतो, ‘डी’मध्ये गाडी ठरवते), खालचा गिअर घ्या, इंजिन ब्रेक (इंजिनाच्याच विरोधाने गाडी रोखणारी सोय) चालू करा आणि सपाटी लागेपर्यंत तो गिअर सोडू नका.

कारण असं. उतारावर पाय उचलला तरी वेग वाढतो, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) चढतो. इंजिन ब्रेक लावलेला नसेल तर ‘डी’मध्ये गिअरबॉक्सला वाटतं, वरचा गिअर टाकायची वेळ झाली. गिअर बदलताना क्लच सुटतो, तेवढा वेळ इंजिनाची पकड शून्य. गिअर पडल्यावर आरपीएम कमी, म्हणजे पकडही आधीपेक्षा कमी. मग ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जातो आणि तिथेच राहतो.

हिशोब करून बघा. ४० टनांची गाडी, १०० मीटरला ६ मीटर उतार, वेग ताशी ३० किमी. चाकांचा आणि हवेचा विरोध वजा केला तरी सुमारे १७० किलोवॅट सतत रोखून धरावे लागतात. असा ३ किमी उतार म्हणजे साधारण २२० लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता. एवढी उष्णता एकट्या ब्रेकच्या ड्रमांनी पोटात घ्यायची? ४०० मिमीचा बिडाचा ड्रम ३०० अंशांनी तापला की त्याचा व्यास सव्वा मिलिमीटरहून जास्त फुगतो. ड्रमला घासणारा लायनर लांब पडतो, त्याला ढकलणाऱ्या पुशरॉडला जास्त बाहेर यावं लागतं. वर लायनर तापून काचेसारखा गुळगुळीत होतो. पेडल दाबलेलं असतं, टाकीत हवा असते आणि गाडी थांबत नाही.

गिअरपेटी (देवास नाका)
उष्णतेचा हिशोब मान्य, निष्कर्ष अजिबात नाही. तुम्ही ‘इंजिन ब्रेक न लावता डी’ची तुलना ‘इंजिन ब्रेक लावून एम’शी केलीत. इंजिन ब्रेकची लिव्हर ओढली की बहुतेक एएमटीचा कार्यक्रमच बदलतो. वरचा गिअर टाकणं ती टाळते, उलट एकेक गिअर खाली घेऊन आरपीएम वर आणते. व्होल्वोच्या आय-शिफ्ट गिअरबॉक्समध्ये या लिव्हरला ‘बी’ ही जागा याच कामासाठी दिलीय.

इंजिन ब्रेकची ताकद आरपीएमवर असते. १,४०० ला जेवढी पकड मिळते ती २,१०० च्या निम्म्याच्या आसपास. ‘एम’ लावलेला माणूस काय करतो? आवाज वाढला की घाबरतो, एक गिअर वर घेतो आणि दीड हजारावर घाट उतरतो. इंजिन ओरडतंय म्हणजे काम करतंय. पाय पूर्ण उचललेला असताना डिझेल पडत नाही, त्या आवाजाचा खर्च शून्य आहे. उलट डिझेल वाचवायला म्हणून न्यूट्रलमध्ये उतरवणाऱ्याचं इंजिन आयडलला डिझेल जाळत असतं.

‘एम’चा धोका तुम्ही लिहिलाच नाहीत. चुकीचा गिअर धरला आणि गाडी सुटली, तर खालचा गिअर मागूनही मिळत नाही. आरपीएम मर्यादेबाहेर जाणार असेल तर गिअरबॉक्स सरळ नकार देतो.

उतारवाट
दादा, तो नकार तर ‘डी’मध्येही येतो. वेग हाताबाहेर गेला की दोन्हीकडे दार बंद. म्हणून सगळा भर वेगावर: घाटाच्या आधी, सपाटीवरच ताशी २० ते २५ वर या, मगच गिअर ठरवा. ३० ऐवजी २० ने उतरलात तर १७० किलोवॅटचे ११५ होतात आणि खालच्या गिअरमुळे आरपीएम तेवढाच राहतो. म्हणजे इंजिनाची ताकद तीच, काम एक तृतीयांशाने कमी.

लिव्हर ओढल्यावर कार्यक्रम बदलतो हे खरं, ते मी लिहायला हवं होतं. पण सगळ्या गाड्यांत सारखा बदलत नाही. ज्या गाडीत साधा एक्झॉस्ट ब्रेक आहे, म्हणजे धुराच्या पाइपातली झडप बंद होते एवढंच, तिथे पकड मुळात कमी. तिथे गिअर हातात नसला तर उरतो फक्त पायाचा ब्रेक. इंजिनाचे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच कॉम्प्रेशनच्या शेवटी उघडणारा ब्रेक असेल तर गोष्ट वेगळी, तिथे तुमचं म्हणणं मला बरंचसं पटतं.

टिपर_पीथमपूर
तुम्ही दोघेही क्लचवाल्या एएमटीबद्दल बोलताय. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलाच्या जोरावर जोडणाऱ्या) ऑटोमॅटिक टिपरात हिशोब निराळा. तिथे लॉकअप क्लच (दोघांना थेट जोडणारा) लागलेला असेल तरच इंजिन चाकांना धरून ठेवतं. वेग फार कमी झाला की लॉकअप सुटतो आणि पकड एकदम ढिली पडते. म्हणून या गाडीत अगदी रांगत उतरणंही चुकीचंच. सिलेक्टरवर खालची रेंज घ्या आणि लॉकअप टिकेल एवढा वेग ठेवा. रिटार्डर (तेलाच्या विरोधाने गाडी रोखणारा जादा ब्रेक) असेल तर तेलाच्या तापमानाचा काटा बघत राहा, कारण ती सगळी उष्णता शेवटी कूलंटमध्ये जाते.

पावसाळी
एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. इंजिन ब्रेक फक्त मागच्या चालवणाऱ्या चाकांवर लागतो. पावसात, रिकाम्या ट्रेलरला पूर्ण ताकदीचा ब्रेक लावला तर ती चाकं घसरतात आणि ट्रेलर पुढच्या ओढणाऱ्या गाडीला (ट्रॅक्टरला) वळणावर दुमडतो. सिमरोलच्या पुढे भेरूघाटात वळणं आहेत, तिथे ओल्या रस्त्यावर लिव्हर पहिल्या टप्प्यावरच ठेवा आणि वेग आधीच कमी करा. एबीएसने (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेने) घसरण ओळखली की तो इंजिन ब्रेक थोडा वेळ काढून टाकतो. ऐन वळणात पकड गेली तर हे आधी माहीत असलेलं बरं.

गिअरपेटी
पावसाचं सोळा आणे खरं, त्यात वाद नाही.

उतारवाट, तुमच्या ‘गिअर ठरवा’मध्ये मला एक भीती दिसते. जुने लोक सांगतात, ज्या गिअरने घाट चढतो त्याच गिअरने उतरायचं. हा नियम कमी ताकदीच्या इंजिनांचा. आजचं इंजिन तोच घाट दोन गिअर वरून चढतं, पण त्याची रोखायची ताकद त्या प्रमाणात वाढलेली नसते. ‘एम’वाले नेमके त्या चढायच्या गिअरला चिकटून बसतात. त्यांना निदान एक गिअर खाली सांगा.

उतारवाट
एक नाही, भरलेल्या गाडीला दोन सांगेन. कसोटी एवढीच: पायाचा ब्रेक न लावता वेग स्थिर राहतोय का? राहत नसेल तर ब्रेक लावून वेग ताशी आठ-दहा किमीने खाली आणा, ब्रेक पूर्ण सोडा, गिअर खाली घ्या. पाय ठेवून घासत राहायचं नाही आणि सारखं पंपही करायचं नाही, हवा संपते. शिवाय ज्या गाडीत हलक्या उतारावर आपोआप न्यूट्रल होणारी इको-रोलसारखी सोय आहे, ती घाटाआधी बंद करा.

आणि आरपीएम लाल पट्ट्यात जाऊ देऊ नका. उतारावर इंजिनाला चाकं फिरवतात, तिथे डिझेल कमी करून आरपीएम आवरणारा गव्हर्नर काही करू शकत नाही. डिझेल बंद असतानाच आरपीएम चढत असतो. त्या वेगात व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही आणि पिस्टन त्याच्यावर आपटतो.

राऊ_वर्कशॉप
डी की एम, हा वाद इंजिन ब्रेक धड चालत असेल तरच. एक्झॉस्ट ब्रेकची झडप काजळीने अर्धवट अडकलेली असते, नाहीतर तिच्या छोट्या सिलिंडरची हवेची नळी फुटलेली असते. डॅशवर दिवा लागतो, म्हणून ड्रायव्हर निश्चिंत. दिवा फक्त स्विच दाबल्याचं सांगतो.

तपासायचं असं. रिकामा, सपाट रस्ता बघा. ‘एम’मध्ये एक गिअर धरा, ताशी ४० वरून पाय उचला आणि २५ वर यायला किती सेकंद लागतात ते मोजा. मग त्याच गिअरमध्ये, त्याच जागी इंजिन ब्रेक लावून पुन्हा मोजा. दोन्ही वेळा जवळजवळ सारख्या आल्या तर झडप उघडून बघितल्याशिवाय मानपूरच्या पुढे गाडी नेऊ नका. त्याच दिवशी चाकांना ठोकळे लावून, पार्किंग ब्रेक सोडून, हवा ६ ते ७ बार असताना पुशरॉडवर खडूची खूण करा आणि दुसऱ्याला पेडल दाबायला सांगा. टाइप ३० चेंबरला (पुशरॉड ढकलणाऱ्या हवेच्या डब्याचं एक माप) खूण ५० मिमीच्या पुढे सरकली तर स्लॅक अ‍ॅडजस्टर (लायनर-ड्रममधलं अंतर आवळणारा भाग) बघावाच लागेल. ऑटो स्लॅक असेल तर नुसता पाना फिरवून मोकळे होऊ नका, तो आपोआप का आवळला नाही ते शोधा.