ओसाड पडलेली महापालिकेची बाग : पावसाळ्याआधी काय करावं?

बाग_आणि_बाक

नमस्कार मंडळी. पुण्यात आमच्या प्रभागात महापालिकेची एक बाग आहे, साधारण ४० गुंठ्यांची. सध्याची स्थिती अशी: कुंपणालगत घाणेरीचं रान माजलंय, मोकळ्या जागेत गाजरगवत आणि मागच्या बाजूला सुबाभळीची दाटी. पर्जन्यवृक्ष आणि करंज मिळून १४ जुनी झाडं आहेत, त्यांच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवलेत. एका कोपऱ्यात कुणीतरी राडारोडा टाकून वर मातीचा पातळ थर पसरलाय. नळ एकच. माळीकाका एकच, तेही आणखी दोन बागा बघतात.

आम्ही १२-१५ जण दर रविवारी सकाळी दोन तास द्यायला तयार आहोत. वर्गणी २५ हजारांपर्यंत जमेल. जुलैत वड, पिंपळ, कडुनिंब मिळून २०० रोपं लावायचा विचार आहे. आत्ता एप्रिल चालू आहे. सुरुवात कुठून करावी?

मुरूम_मास्तर

२०० रोपांचा बेत सोडा, हे आधीच सांगतो. ४० गुंठे म्हणजे ४,००० चौरस मीटर. रस्ते, खेळणी आणि जुन्या १४ झाडांची सावली वजा केली, तर मोठी होणारी २५-३० झाडंच तिथे नीट मावतील. एकटा वड पुढे १५-२० मीटर पसरतो. वड-पिंपळ लावायचेच असतील तर एखादा लावा, तोही भिंत आणि ड्रेनेजच्या चेंबरपासून लांब.

आता पाण्याचा हिशेब. जानेवारी ते मे रोपाला एका वेळी २० लिटर धरा. २०० रोपांना ४,००० लिटर, म्हणजे १० लिटरच्या कॅनच्या ४०० खेपा, आणि त्या आठवड्यातून दोनदा. १२ माणसांत वाटल्या तर प्रत्येकी ३३. हा उत्साह संक्रांतीपर्यंत टिकतो. त्याऐवजी ३० झाडं (६०० लिटर) आणि ८० झुडपं (प्रत्येकी ५ प्रमाणे ४०० लिटर) घेतलीत तर १,००० लिटरमध्ये भागतं, आणि २५ मीटरचा पाइप घेतलात तर दोन माणसं पुरतात. म्हणून पहिला खर्च पाइप, नळाची दुरुस्ती आणि ५०० लिटरच्या दोन झाकणबंद टाक्या. झाकण नसेल तर डासांची पैदास तुमच्याच नावावर लागेल.

परवानगी लेखी घ्या. उद्यान विभागाला एक पानी अर्ज, बागेचा हाताने काढलेला नकाशा आणि कुठे काय करणार याची यादी जोडा. क्षेत्रीय कार्यालयाला प्रत द्या, पोच घ्या. झाड तोडणं किंवा फांद्या छाटणं हा वेगळा विषय आहे. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी क्षेत्रातील वृक्ष कायद्याखाली त्याला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, सुबाभूळ असली तरी.

आणि माळीकाकांना विचारल्याशिवाय एक खड्डाही खणू नका. नळाची किल्ली त्यांच्याकडे असते. शिवाय ठेकेदाराची माणसं ग्रास कटर घेऊन कधी येणार, हे फक्त त्यांनाच माहीत असतं. सार्वजनिक बागेत नवी रोपं बकऱ्यांपेक्षा जास्त ग्रास कटरनेच मरतात. नायलॉनचा दोरा बुंध्याची साल गोल सोलून काढतो. तेव्हा काहीच दिसत नाही, पण काही आठवड्यांनी रोप शेंड्याकडून वाळायला लागतं आणि सगळे म्हणतात, कीड लागली. उपाय स्वस्त आहे. चार इंची पीव्हीसी पाइपचे २० सेंमीचे तुकडे करा, उभे चिरा आणि बुंध्याभोवती सैल बसवा. रोपाभोवती हातभर जागा गवतमुक्त ठेवा, म्हणजे कटर तिथपर्यंत जाणारच नाही.

निरगुडी

तणांबद्दल लिहिते, कारण क्रम चुकला तर सगळी मेहनत वाया जाते.

घाणेरी वरून कापली की दुप्पट जोमाने फुटते. तिचा जीव जमिनीच्या जरा खाली, मूळ आणि खोड जुळतात तिथे असतो. कुदळीने जमिनीखाली ३ ते ५ सेंमीवर मुख्य मूळ तोडायचं आणि अख्खं झुडूप उलटं, मुळं वर करून ठेवायचं. मुळं मातीला टेकली नाहीत तर वाळून जातात. एप्रिलच्या कडक जमिनीत हे होत नाही, कुदळ उसळते. आत्ता फक्त वाटेवर आलेल्या फांद्या छाटा आणि मुळांचं काम पहिल्या चांगल्या पावसानंतर घ्या. सगळं एकदम साफ करू नका, तीन टप्पे करा. बुलबुल, शिंपी यांची घरटी याच दिवसांत त्यात असतात, तेव्हा आधी आत डोकावून बघा. साफ केलेल्या जागी आणि बुलबुल बसतात त्या झाडांखाली पुढचे दोन पावसाळे बारकी घाणेरी उगवत राहील. ती हाताने उपटली जाते.

गाजरगवताची भारतातली पहिली नोंद १९५५ ची, आपल्या पुण्यातलीच, म्हणजे गाववाल्यांचाच पाहुणा. एका झाडाला हजारो बिया धरतात, त्यामुळे फुलं येण्याआधी काढणं हा एकच नियम. पहिल्या पावसानंतर पानं जमिनीलगत चकतीसारखी पसरलेली असताना ओल्या मातीतून ते मुळासकट येतं. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत दर तीन आठवड्यांनी फेरी मारा. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि मास्क हवेतच, कारण त्वचेची ॲलर्जी एकदा सुरू झाली की पिच्छा सोडत नाही. दम्याचा त्रास असलेल्यांना दुसरं काम द्या. फुलं आलेलं गवत खतात टाकू नका. पावसाळ्यात पानांवर मळकट पांढरे, तपकिरी रेघांचे छोटे भुंगेरे दिसले तर मारू नका. ते गाजरगवत खाण्यासाठीच मेक्सिकोहून आणलेले आहेत. फक्त ते एकटे पुरे पडत नाहीत.

सुबाभळीच्या शेंगा तपकिरी होऊन तडकण्याआधी उतरवा. हे आत्ताच, याच महिन्यात करा, कारण बी जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. अंगठ्याएवढी रोपं पावसात मुळासकट निघतात. मोठ्या झाडांसाठी परवानगी. आणि रात्रीत साल काढून झाड 'आपोआप' वाळवायच्या भानगडीत पडू नका, तोही गुन्हाच आहे.

बाग_आणि_बाक

दोघांचेही आभार. २०० चा आकडा खोडला. आमच्यातले एक जण म्हणतात, तणनाशक मारून एका दिवसात मोकळं होऊ. ग्लायफोसेट चालेल का?

निरगुडी

नको. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरताच मर्यादित केला. आणि समजा परवाना असलेला माणूस आणलात, तरी जिथे मुलं लोळतात आणि कुत्री गवत खातात तिथे ते नकोच. शिवाय ते जमिनीतल्या बियांना काही करत नाही. उघडी पडलेली माती महिन्याभरात पुन्हा गाजरगवताने भरते.

माती उघडी ठेवू नका, खरी गोम तिथे आहे. साफ केलेल्या जागेत जूनमध्ये ताग पेरा. गुंठ्याला अर्धा ते पाऊण किलो बी पुरतं. दाट उगवतो, तणाला दाबतो. ४५ दिवसांच्या आसपास, कळ्या दिसायला लागल्या की कापून तिथेच मातीत गाडा. फार जुना होऊ दिलात तर दांडे दोरीसारखे चिवट होतात आणि कुजत नाहीत. राडारोड्याचा कोपरा पहिलं वर्ष तागालाच द्या, झाडं दुसऱ्या वर्षी.

खड्डा_६०

@निरगुडी, तागाला +१. पण त्याआधी वरचे विटांचे तुकडे आणि टाइल काढायलाच हव्यात. राडारोड्यातल्या सिमेंट-चुन्यामुळे मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-क्षारपणाचा आकडा) ८ च्या वर जातो. मग लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक युरिया टाकतात, फरक पडत नाही. तात्पुरता उपाय म्हणजे लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून संध्याकाळी पानांवर फवारणी. कायमचा उपाय भरपूर पालापाचोळ्याचं खत आणि धीर.

पेव्हर : आधी बागेतल्या दिव्यांची केबल कुठून गेली आहे ते विद्युत विभागाकडून समजून घ्या आणि कामाच्या वेळी लाइन बंद करून घ्या. केबल बऱ्याचदा पेव्हरखाली वीतभरही खोल नसते. बुंध्याभोवती किमान एक मीटर मोकळं करा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांसाठी हेच अंतर सांगितलं होतं, अर्जात त्याचा दाखला द्या. ब्रेकर नको, पहार आणि छिन्नी-हातोडाच. पेव्हरखालची कच काढताना केसासारखी मुळं दिसली की तिथे हत्यार बंद, हाताने काढा. मोकळ्या जागेत माती आणि खत अर्धं-अर्धं भरा, पण पूर्वीच्या पातळीपर्यंतच. बुंध्याला मातीचा ढीग लावला तर साल कुजते.

खड्डे मे महिन्यातच खणा. झाडासाठी ६० सेंमी लांब-रुंद-खोल, मुरूम लागला तर ९०. एक खड्डा पाण्याने भरून जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी तासाला एक इंचही उतरत नसेल तर पावसाळ्यात तो हंडा होणार आणि मुळं कुजणार. तिथे वीतभर उंचवटा करून लावा. काळ्या मातीत कुदळीने खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत होतात, त्या खरवडून घ्या. भरताना वरची माती दोन भाग, खत एक भाग, निंबोळी पेंड २०० ग्रॅम.

रोपं ४-५ फुटांची, बोटभर जाड खोडाची घ्या. पिशवी फाडून मुळं बघा. गोल फिरून गुंता झालेला असेल तर तीन-चार उभे काप द्या, नाहीतर तो फास पुढे झाडालाच आवळतो. पिशवीतली वरची माती थोडी बाजूला करून खोड जिथे रुंदावतं ती जागा शोधा, ती जमिनीच्या पातळीला आली पाहिजे. बांबूला सुतळीने इंग्रजी आठाच्या आकड्यात सैल बांधा. तार अजिबात नको.

निवड : बहावा, कांचन, पळस, कुसुम, करंज, वारस. कुंपणालगत निरगुडी, अडुळसा, मुरुडशेंग, धायटी. अडुळशाला आणि निरगुडीला बकऱ्या सहसा तोंड लावत नाहीत. लॉन मात्र करू नका. उन्हाळ्यात चौरस मीटरला दिवसाला ४-५ लिटर पाणी पितं. हरळी आपोआप येते, ती पुरे.

पाचोळा

खताचं कुणी सांगितलं नाही म्हणून थोडक्यात. कोंबडीजाळी १३ फूट लांब, ४ फूट उंच घेऊन गोल जोडा, चार फूट व्यासाचा पिंजरा होतो. वीतभर पाला, त्यावर हिरवा कचरा (सुबाभळीचा कोवळा पाला उत्तम, फक्त शेंगा नकोत), मग बादलीभर शेणकाला, असे थर. पाला तीन भाग, हिरवं एक भाग. दर १५-२० दिवसांनी उलथा. मूठभर घेऊन पिळलं की हाताला ओल लागावी, पण पाणी ठिबकू नये. चार महिने झाले तरी पानं जशीच्या तशी असतील तर पाणी कमी पडतंय. वास मारत असेल तर पाणी जास्त झालंय, कोरडा पाला घालून उलथा. आंबा आणि बदामाची जाड पानं आधी चुरून घ्या, नाहीतर वर्ष लागतं.

पानगळ संपत आलीये. या रविवारीच पाला पोत्यांत भरून ठेवा आणि सफाई कर्मचाऱ्यांना तो न जाळता तुम्हाला द्यायला सांगा. आत्ता पिंजरा भरलात तर खत ऑगस्टमध्ये निघेल. म्हणजे यंदाच्या खड्ड्यांसाठी खत विकत घ्यावं लागेल. ३० खड्ड्यांना ट्रॅक्टरची एक ट्रॉली शेणखत पुरे, पण नीट कुजलेलं बघून घ्या. हाताला गरम लागलं तर परत पाठवा.

बाग_आणि_बाक

समजलं. या रविवारी पाला आणि सुबाभळीच्या शेंगा. सोमवारी अर्ज. माळीकाकांशी आज संध्याकाळीच बोलतो.

मुरूम_मास्तर

कटरवाल्यांची तारीख आठवणीने विचारा.