हाजीपीर दिला, थरपारकर सोडला. चुकलंच का आपलं?

मासुंदाकाठी:
काल संध्याकाळी तलावपाळीच्या कट्ट्यावर वाद पेटला. एक काका म्हणाले, "लढाईत कमवायचं, तहात गमवायचं, ही आपली जुनी खोड." मला पटलं. २८ ऑगस्ट १९६५ ला मेजर रणजितसिंग दयाल यांच्या तुकडीने हाजीपीर खिंड घेतली. उरी-पूंछ जोडणारा जवळचा रस्ता हाती आला. १० जानेवारी १९६६ ला पाकिस्तानशी ताश्कंद करारात ठरलं, फौजा ५ ऑगस्टच्या आधीच्या जागी न्यायच्या. गेली खिंड. ७१ मध्ये पश्चिमेला, सिंधमधल्या थरपारकरसह, सुमारे १३ हजार चौरस किलोमीटर मुलूख घेतला, ७२ च्या सिमला करारात तोही परत केला. शेजाऱ्याची जमीन पायाखाली असताना काश्मीरचा कागद लिहून घ्यायला काय झालं होतं?

नेरूळकर:
दोन गोष्टींची खिचडी केलीत. हाजीपीर हा काश्मीरचाच भाग, आपल्या दाव्यातला. थरपारकरवर आपला दावा कधीच नव्हता. हाजीपीरचं दुःख मलाही आहे, पण ताश्कंदचा व्यवहार एकतर्फी नव्हता. जम्मूकडचं छांब आणि पंजाबातलं खेमकरण त्यांच्या हातात होतं, ते आपल्याला मिळालं. ७१ ला छांब पुन्हा गेलं. सिमल्यात काश्मीरपुरती १७ डिसेंबरची युद्धबंदी रेषा मानली, म्हणून ते तिकडेच राहिलं आणि आपण घेतलेलं लडाखकडचं तुर्तुक आपल्याकडे. म्हणजे काश्मिरात जे घेतलं ते ठेवलं. हे कट्ट्यावर कुणी बोललं का?

मासुंदाकाठी:
तुर्तुकची चार गावं एका पारड्यात आणि ९३ हजार कैदी दुसऱ्यात. छान सौदा!

नेरूळकर:
कैदी सिमल्यात सोडलेच नव्हते हो. ते गेले ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली करारानंतर. शिवाय ढाक्यातली शरणागती भारत-बांगलादेशाच्या संयुक्त फौजेपुढे होती, बांगलादेशला बाजूला ठेवून आपण एकटे ठरवणार कसं?

कळव्याची:
"ठेवायला हवं होतं" म्हणणाऱ्यांनी ठेवायचं म्हणजे काय ते सांगावं. चौक्या, रसद, लोकांची झडती, रोजचा एखादा सुरुंग. श्रीलंकेत १९८७ ला आपण तर तिथल्या सरकारशी करार करून गेलो होतो. मार्च १९९० ला परतलो तेव्हा बाराशेच्या आसपास जवान गेलेले. उलट ढाका बघा. १२ मार्च १९७२ ला निरोपाची परेड, तीन महिन्यांत फौज बाहेर. तो मोठेपणा होताच, पण शहाणपणही होतं. आणखी वर्षभर थांबलो असतो तर ज्यांनी हार घातले त्यांनीच दगड मारले असते. इस्रायल १९६७ पासून वेस्ट बँक धरून बसलंय, सुख आहे का? सिनाई मात्र १९८२ पर्यंत सोडलं, इजिप्तशी तह अजून टिकून आहे.

घोडबंदरचा:
ताई, सिनाईने तुमचाच मुद्दा पाडला. इस्रायलने ते फुकट नाही दिलं. मान्यता, राजदूत, तह, सगळं सहीनिशी घेतलं आणि मग टप्प्याटप्प्याने हलले. आपण काय घेतलं? इंदिराबाईंचे सचिव पी. एन. धर यांनी पुढे लिहिलं की काश्मिरातली ताबारेषा हळूहळू सीमा मानू, असा पाकिस्तानच्या भुट्टोंनी सिमल्यात तोंडी शब्द दिला होता. पाकिस्तान ते नाकारतं. आमच्या सोसायटीत पार्किंगचा ठरावसुद्धा लेखी लागतो!

आणि एक. ७१ ला थरपारकरमधलं छाछरो आपण घेतलं तेव्हा तिथल्या कितीतरी हिंदू कुटुंबांनी आपल्या फौजेच्या भरवशावर सीमा ओलांडली. मुलूख परत दिल्यावर ती बाडमेरच्या बाजूला निर्वासित म्हणून अडकली. घर तिकडे, माणसं इकडे. त्यांना कुणी विचारलं?

कळव्याची:
हे मात्र खरं आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही. पार्किंगवर हसले तरी.

नेरूळकर:
मलाही हे खुपतं. पण त्यांच्यासाठी थरपारकर ठेवायचा, तर तिथल्या मुसलमानांनाही नागरिकत्व आणि मत द्यावं लागलं असतं. नाही दिलं, तर ती वेस्ट बँकच. घोडबंदरवाले, तुमची तयारी कशाची होती ते आधी सांगा, मग छांबवर बोलू.