आणखी एक फ्रंट-एंड फ्रेमवर्क हवंच आहे का?

बिनबुडाचा_डिव्ह:
परत एक नवं फ्रेमवर्क, म्हणजे वेबपानं बांधायचा तयार सांगाडा, आलंय. जाहिरात तीच, सगळ्यांपेक्षा छोटं आणि वेगवान. २०१० ला अँग्युलरजेएस, २०१३ ला रिअ‍ॅक्ट, २०१४ ला व्ह्यू, २०१६ ला स्वेल्ट. अधेमधे मेलेली मोजतच नाही. पुरे की आता! २०१६ मध्येच अँग्युलर २ आलं ते जुन्याशी जुळेचना. ज्यांची मोठी अ‍ॅप्स होती त्यांनी ती जवळपास नव्याने लिहिली, आणि वापरणाऱ्याला त्यातून एक बटणसुद्धा जास्तीचं मिळालं नाही.

सिग्नलवाली:
साफ असहमत. सिग्नल्सचंच घ्या, म्हणजे माहिती बदलली की तिच्यावर अवलंबून असलेला भागच तेवढा बदलायचा. कल्पना जुनी, नॉकआउट या लायब्ररीत २०१० पासून ऑब्झर्व्हेबल या नावाने होती. रिअ‍ॅक्टच्या लाटेत ती मागे पडली. सॉलिडसारख्या छोट्या फ्रेमवर्कने ती पुन्हा वर काढली. काउंटर वाढला की अख्खं कंपोनंट (पानाचा तुकडा बनवणारं) फंक्शन परत चालत नाही, आकडा दिसतो तेवढाच टेक्स्ट नोड (मजकुराचा तुकडा) बदलतो. २०२३ मध्ये अँग्युलर १६ नेही सिग्नल्स आणले. तेव्हा ‘पुरे आता’ म्हणून थांबलो असतो तर?

बिनबुडाचा_डिव्ह:
कल्पना चांगलीच आहे हो. पण तिच्यापायी नवा राउटर (कुठल्या पत्त्यावर कुठलं पान दाखवायचं ते ठरवणारा), नवी फॉर्म लायब्ररी, टेस्टिंगची नवी साधनं, सगळा संसार परत थाटायचा? एक लायब्ररी पुरली असती. आता तर सिग्नल्स जावास्क्रिप्टमध्येच आणायचा प्रस्ताव टीसी३९ पुढे, म्हणजे ती भाषा ठरवणाऱ्या समितीपुढे आहे.

सिग्नलवाली:
आणि तो कुणाच्या अनुभवावर उभाय? फ्रेमवर्कवाल्यांच्याच!

टॅब_ऑर्डर:
तुमचं चालू द्या. मी अ‍ॅक्सेसिबिलिटी तपासते, म्हणजे अपंगांनाही साइट वापरता येते का ते. मोडल (पानावर उघडणारी छोटी खिडकी) उघडलं की फोकस, म्हणजे कीबोर्ड जिथे काम करतो ती जागा, आत जायला हवा, टॅब दाबत राहिलं तरी मागच्या पानात घुसता कामा नये, एस्केपने ते मिटावं, आणि मिटल्यावर फोकस मूळ बटणावर परतावा. एचटीएमएलमधलं तयार डायलॉग एलिमेंट शोमोडल या फंक्शनने उघडा, ब्राउझर हे सगळं फुकटात करतो. २०२२ पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरांत आहे. तरी डिव्ह (एचटीएमएलचे साधे डबे) रचून केलेली मोडल्स येतच राहतात आणि मी तेच बग नोंदवत बसते.

सिग्नलवाली:
यात फ्रेमवर्कचा काय दोष? डायलॉग टॅग सगळीकडे चालतो.

टॅब_ऑर्डर:
चालतो, पण वापरतं कोण? फ्रेमवर्क बदललं की लोक आधी तयार मोडलचं पॅकेज शोधतात.

नवशिका:
मग मी काय शिकू? नोकरीच्या जाहिराती बघाव्या तर रिअ‍ॅक्ट, रिअ‍ॅक्ट, रिअ‍ॅक्ट.

बिनबुडाचा_डिव्ह:
रिअ‍ॅक्टच शीक, पोटापाण्याचा प्रश्न आहे. फक्त आधी एक फॉर्म नुसत्या जावास्क्रिप्टमध्ये करून बघ, व्हॅलिडेशनसकट, म्हणजे भरलेलं बरोबर आहे का ते तपासण्यासकट.

सिग्नलवाली:
याला मात्र +१.