असेक्शुअल माणूस आणि पुस्तकातलं अलैंगिक प्रजनन, हे एकच आहे का?

ऐरोलीची_मावशी

नमस्कार मंडळी, प्रश्न घरातला आहे पण मला नीट उत्तर हवंय. माझी भाची २६ वर्षांची, घणसोलीला राहते, जॉब चांगला आहे, ताई आणि भावोजी तिच्यासाठी स्थळं बघतायत. परवा तिने सगळ्यांसमोर सांगितलं की मी असेक्शुअल आहे, मला मुलांबद्दल नाही आणि मुलींबद्दलही तसलं आकर्षण वाटत नाही, कळायला लागल्यापासून असंच आहे. तर माझा भाऊ म्हणाला, अलैंगिक अमीबा असतो, हायड्रा असतो, माणूस सस्तन प्राणी आहे तो अलैंगिक असूच शकत नाही. भाऊ बीएस्सी, त्यामुळे सगळ्यांना पटलं आणि पोरगी गप्प बसली. मला तिची बाजू घ्यायचीय पण सायन्समधलं बोलता येत नाही. हे हार्मोनमुळे असतं का, डॉक्टरकडे न्यावं का?

नौपाडा_बायो

ताई, मी ठाण्यात दहावी-बारावीला बायो शिकवतो. भावाची उदाहरणं बरोबर आहेत, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

बायोलॉजीत अलैंगिक म्हणतात ते प्रजननाला. एकच जनक, नर-मादीच्या युग्मकांचं मीलन नाही, आणि होणारा नवा जीव बहुतेक वेळा जनकाची जनुकीय कॉपी. अमीबा दुभंगतो, यीस्टला कळी येते, पानफुटीच्या पानाच्या कडेवर रोपं फुटतात, जळगावची केळी बी न लावता कंदापासून नाहीतर टिश्यू कल्चरने वाढवतात. आपल्या ठाणे खाडीत फ्लेमिंगो जी नीलहरित सूक्ष्म शैवालं खातात तीसुद्धा अशीच वाढतात. यात कोणाला कोणाबद्दल काय वाटतं हा प्रश्नच कुठे येत नाही.

आणि मुख्य मुद्दा, जो वर्गात पण बहुतेक वेळा राहून जातो. हायड्राला खायला भरपूर असलं की कळ्या येतात, पण परिस्थिती बिघडली, उदाहरणार्थ पाणी फार गार झालं, की बऱ्याच जातींमध्ये त्याच हायड्राच्या अंगावर वृषण आणि अंडाशय तयार होतात. मग हायड्रा लैंगिक का अलैंगिक? तसं विचारताच येत नाही, कारण ते नाव प्रक्रियेचं आहे, प्राण्याचं नाही. २००६ मध्ये लंडनच्या झूमध्ये कोमोडो ड्रॅगनच्या मादीला नराशिवाय पिल्लं झाली आणि पुढे तिचं नराबरोबरही नेहमीसारखं प्रजनन झालं. सस्तन प्राण्यांत असं निसर्गात होत नाही हे भावाचं बरोबर, पण भाची तसं कुठे म्हणतेय? ती आकर्षणाबद्दल बोलतेय. तिची पाळी, बीजांडं, गर्भाशय याच्याशी त्याचा काही संबंध नाही, तिला पुढे मूल हवं वाटलं तर होऊ शकतं, असेक्शुअल लोकांना मुलं असतातही.

भावाला सस्तन प्राणीच हवे असतील तर मेंढ्यांचं सांगा. अमेरिकेत एडक्यांवर अभ्यास झालेत, त्यात काही एडके असे निघाले की ते ना मेंढ्यांकडे वळत ना दुसऱ्या एडक्यांकडे. संशोधकांनी त्यांच्यासाठी असेक्शुअल हाच शब्द वापरलाय. म्हणजे आकर्षणाचा हा अर्थ प्राण्यांवरच्या संशोधनात पण आहे.

कोपरखैरणेकर_एस

मावशी, तुम्ही विचारताय हेच मला खूप मोठं वाटतं. मी स्वतः असेक्शुअल आहे, आम्ही थोडक्यात एस म्हणतो.

हे इंटरनेटवरचं नाहीये. लैंगिकतेचे अमेरिकन संशोधक किन्सी यांनी १९४८ मध्ये अमेरिकेतल्या पुरुषांच्या लैंगिकतेवर पुस्तक काढलं त्यात शून्य (फक्त भिन्नलिंगी आकर्षण) ते सहा (फक्त समलिंगी) अशी पट्टी होती, आणि ज्यांना कुणाबद्दलच लैंगिक प्रतिसाद नव्हता त्यांच्यासाठी पट्टीबाहेर एक्स असा वेगळा गट होता. २००४ मध्ये कॅनडाचे संशोधक अँथनी बोगार्ट यांनी ब्रिटनच्या १८ हजारांहून जास्त लोकांच्या सर्व्हेतून साधारण १ टक्का लोक असे असल्याचं मांडलं. ब्रह्मचर्याशी पण याची गल्लत करू नका, ब्रह्मचर्य माणूस ठरवून पाळतो, इथे ठरवण्यासारखं काहीच नसतं. आणि सगळे एस सारखे नसतात, कुणाला प्रेमात पडावंसं वाटतं, जोडीदार हवा असतो फक्त सेक्सची ओढ नसते, कुणाला दोन्ही नको, कुणाला खूप जवळीक झाल्यावरच थोडं आकर्षण वाटतं, त्याला डेमी म्हणतात. भाचीचं कसं आहे ते तिलाच विचारा. फक्त "योग्य माणूस भेटला की होईल" हे वाक्य नका बोलू, ते ऐकलं की आपण सांगितलेलं सगळं पुसून टाकल्यासारखं वाटतं.

घोडबंदर_आजोबा

सगळं मान्य, पण थायरॉइड वगैरे एकदा तपासायला काय हरकत आहे?

वाशी_कौन्सेलर

आजोबा, काळजीपोटी विचारताय ते कळतं. आधी इच्छा होती आणि अलीकडे कमी झाली, सोबत थकवा आहे, पाळी बिघडलीय, डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत, असं असेल तर जरूर तपासावं, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन या हार्मोनच्या गडबडीने इच्छा कमी होऊ शकते. पण ही मुलगी म्हणतेय की पहिल्यापासून असंच आहे आणि तिला स्वतःला याचा त्रास नाही. त्रास तिला घरच्यांच्या बोलण्याचा होतोय. मानसोपचाराच्या डीएसएम-५ या २०१३ च्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय की आयुष्यभर इच्छा नसणं हे व्यक्तीच्या असेक्शुअल ओळखीने जास्त नीट समजत असेल तर विकाराचं निदान करायचं नाही. आणि कुणी "ट्रीटमेंटने बदलून देतो" म्हणालं तर तिथून उठून या, कन्व्हर्जन थेरपीला नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये गैरवर्तन ठरवलंय.

ऐरोलीची_मावशी

खूप खूप आभार सगळ्यांचे. हायड्राचं आणि एडक्यांचं भावाला आजच ऐकवते. एकच विचारायचंय, ताई म्हणते स्थळांना हे सांगायचंच नाही, लग्नानंतर होईल नीट.

कोपरखैरणेकर_एस

मावशी तेवढं काहीही करून थांबवा. लपवून लग्न केलं तर तिच्यावर शरीरसंबंधाची जबरदस्ती होईल आणि समोरच्या मुलाची पण फसवणूक. लग्न करायचं का, कुणाशी, कुठल्या अटीवर हे तिने ठरवू दे. तोपर्यंत स्थळं बघणं बंद ठेवा, आणि अजून कुठल्या नातेवाइकांना सांगायचं असेल तर आधी तिला विचारा.