एलएलएम प्रबंध: परदेशी ट्रेडमार्कची ख्याती, तुलना कशी मांडू?

प्रश्न (लॉकॉलेज_रस्ता)
पुण्यात एलएलएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय 'सुप्रसिद्ध ट्रेडमार्क: भारत, अमेरिका, युके, युरोपीय संघ'. दर देशाला एक प्रकरण असा आराखडा केलाय. गाइड म्हणतात, हा विषय नव्हे, अनुक्रमणिका आहे. काय कापू? कुठले निकाल वाचायलाच हवेत?

उत्तर (कलम_सत्तावीस)
गाइडचं बरोबर आहे. देशवार लिहिलंत की चार सारांश होतात आणि तुलना शेवटच्या पाच पानांत उरकली जाते. एकच प्रश्न धरा: मालकाचा इथे धंदा नाही, नुसतं नाव पोचलंय, तर पासिंग ऑफसाठी (दुसऱ्याने आपला माल तुमचा म्हणून खपवला, असा दावा) काय सिद्ध करावं लागतं? प्रकरणं त्याचेच तुकडे: पुरावा कशाचा, कुठल्या तारखेचा, कुठल्या ग्राहकांपुरता. युरोपीय संघ सरळ गाळा. 'जनरल मोटर्स वि. येप्लॉन' (1999) नोंदणीकृत मार्कच्या ख्यातीवर आहे, इथे लागत नाही.

भारतासाठी 'टोयोटा वि. प्रियस ऑटो' (2017). टोयोटाची प्रियस कार जपानात 1997 ला आली, प्रतिवादी 2001 पासून इथे ते नाव वापरत होते. सर्वोच्च न्यायालयाने जगभरच्या नावावर भागवलं नाही. त्या काळात भारतीय बाजारात ख्याती होती का, ते पाहिलं. लगोलग 'व्हर्लपूल' (1996) वाचा. तिथे भारतात येणाऱ्या मासिकांतल्या जाहिराती आणि दिल्लीतल्या अमेरिकी दूतावासाला झालेली विक्री कामी आली. तत्त्व बदललं की पुरावाच वेगळा होता, यावर प्रबंध उभा राहील.

युकेचा 'स्टारबक्स (एचके) वि. स्काय' (2015) याच्या उलट टोकाला: ख्याती पुरत नाही, देशात ग्राहक हवेत. (कॉफीवाले नव्हेत, हाँगकाँगची टीव्ही कंपनी.)

अमेरिकेबद्दल 'तिथला कायदा असा' असं लिहूच नका, सर्किट (फेडरल अपील न्यायालयाचा विभाग) लिहा. 'ग्रूपो गिगांते' (2004) मध्ये नवव्या सर्किटने परदेशी ख्यातीला जागा दिली. दुसऱ्या सर्किटने 'आयटीसी वि. पंचगिनी' (2007) मध्ये फेडरल कायद्याखाली ती नाकारली. तो खटला आयटीसीच्या दिल्लीतल्या 'बुखारा' रेस्तराँच्या नावाचाच. मात्र आयटीसीची न्यूयॉर्कची शाखा आधी होऊन बंद पडली होती, हे वगळाल तर तुलना चुकेल.

उत्तर (रजिस्टर_वाचक)
वरचं पटतं, पण व्हायवात पकडतात ते दुसरीकडेच: उंबरठे (कुठल्या संरक्षणाला कुठली अट) मिसळल्यावर. पॅरिस करार (औद्योगिक मालमत्तेचा आंतरराष्ट्रीय करार) कलम 6 बिस सारख्याच मालापुरता, नोंदणी नसली तरी चालते. ट्रिप्स (डब्ल्यूटीओचा बौद्धिक संपदा करार) 16(3) वेगळ्या मालापर्यंत जातं, पण मार्क नोंदलेला हवा. आपल्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 29(4) लाही नोंदणी आणि भारतातली ख्याती लागते. पासिंग ऑफ 27(2) मुळे टिकून आहे, तिथे नोंदणीचा प्रश्नच नाही. 2017 च्या नियमांतला नियम 124, टीएम-एम फॉर्म आणि एक लाखाची फी, ही रजिस्ट्रारच्या सुप्रसिद्ध मार्कांच्या यादीची वाट. ती तळटीपेत टाका.

उत्तर (शिवाजीनगर_कोर्ट)
पुण्याचं उदाहरण हवं तर 'बर्गर किंग' घ्या, पण विरोधी उदाहरण म्हणून. वादी अमेरिकी कंपनी, प्रतिवादी त्याच नावाचं पुण्यातलं उपाहारगृह; पण वादीकडे नुसती ख्याती नव्हे, भारतीय नोंदणी होती. 2011 चा दावा जिल्हा न्यायालयाने जुलै 2024 मध्ये फेटाळला, डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने अपील निकाली निघेपर्यंत अंतरिम मनाई दिली. अंतरिम आदेश म्हणजे अंतिम निर्णय नव्हे. उद्धृत करण्याआधी अपिलाची स्थिती तपासा. कलम 34 (आधीपासून वापरणाऱ्याचं संरक्षण) लावताना दोन तारखा बघा: समोरच्याचा वापर आणि समोरच्याची नोंदणी. जी आधीची, तिच्याही आधीपासून तुमचा अखंड वापर लागतो. शिवाय सेवांची नोंदणी भारतात 15 सप्टेंबर 2003 पासूनच सुरू झाली, त्यामुळे जुनी नोंदणी कुठल्या वर्गात आहे ते आधी पाहा. खाद्यपदार्थ वेगळे, उपाहारगृह वेगळं.