बाळाचं आतडं आतड्यात अडकलं आहे, एनिमाच्या कागदावर सही करू का?

कामठीचा_बाबा, रात्री १०.२०
धंतोलीतल्या दवाखान्यातून लिहून राहिलो. मुलगा ७ महिन्यांचा. सकाळपासून दर १५-२० मिनिटांनी पाय पोटाशी घेऊन किंचाळायचा, मग एकदम गप्प. आईनं बेंबीभोवती हिंग लावला, ओव्याचा शेक दिला. दुपारी दूध ओकला. संध्याकाळी उलटी हिरवी झाली तेव्हा गाडी काढली. सोनोग्राफीत इंटससेप्शन, म्हणजे आतड्यात आतडं शिरलेलं, निघालं. सलाईन लावली, नाकातून नळी घातली, दूध बंद. आता डॉक्टर म्हणतात, शीच्या जागेतून सलाईनचं पाणी सोडून आतडं मागे ढकलू, नाही सुटलं तर ऑपरेशन. कागदावर 'आतडं फुटण्याची शक्यता' लिहिलं आहे, तिथंच हात थांबला. घरचे म्हणतात आता झोपला आहे, सकाळी दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. थांबलं तर चालेल का? बायको विचारते, रोटाच्या (जुलाबाच्या लसीच्या) थेंबांनी तर नाही झालं?

मानेवाड्याची_आई, रात्री १०.३१
दादा, सकाळपर्यंत थांबू नका. झोपला आहे म्हणून बरा आहे असं धरू नका. मी तेच धरलं होतं.

माझी मुलगी ९ महिन्यांची होती, मे महिना. आठवडाभर आधी सर्दी-ताप होऊन गेला होता. तीही अशीच थांबून थांबून रडायची आणि मधल्या वेळात मलूल पडून राहायची. आम्हाला वाटलं ऊन लागलं. तळपायांना कांदा चोळला, कूलरसमोर निजवलं. ज्यांना आधी दाखवलं त्यांनी गॅसचे थेंब दिले. दुसऱ्या दिवशी पहाटे दुपट्यात लाल, चिकट, शेंबडासारखी शी दिसली. हे लक्षण उशिरा येतं, मला तेव्हा माहीत नव्हतं. तुमच्या बाळाला ते अजून नसेल तर तुम्ही आमच्यापेक्षा लवकर पोचलात.

सोनोग्राफीवाल्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. गोलात गोल, अगदी आडव्या कापलेल्या कांद्यासारखं. लहान आतड्याचं टोक मोठ्या आतड्यात शिरलं होतं. आत ओढल्या गेलेल्या भागाचं रक्त अडतं, त्याला सूज येते, आणि जितका वेळ जातो तितकं ते सुटायला कठीण होतं.

एनिमाच्या वेळी मी तिचे हात धरून होते. बाटली स्टँडवर उंच टांगलेली, पाणी आपल्या वजनानं हळूहळू आत जात होतं आणि डॉक्टर सोनोग्राफीवर पाहत होते. पाणी लहान आतड्यात शिरलं की सुटलं, असं त्यांनी सांगितलं होतं. आमचं नाही शिरलं. ऑपरेशन करून हातानं सोडवावं लागलं. आतडं कापायची वेळ आली नाही, आज ती ५ वर्षांची आहे, सगळं खाते. पण तो एक दिवस मी घरी घालवला, हे मनातून जात नाही. म्हणून सांगते, सही करा.

वॉर्ड_सिस्टर, रात्री १०.४४
लहान मुलांच्या वॉर्डात १४ वर्षं काम करते. आतडं फुटणं शंभरात एखाद्या बाळात, किंवा त्याहून कमी. वेळेत आलेल्या १० पैकी ८-९ बाळांचं चांगल्या हातात एनिमानंच सुटतं. पोट दगडासारखं कडक असेल, आतडं आधीच फुटलं असेल किंवा बाळ शॉकमध्ये (रक्ताभिसरण कोलमडलेलं) असेल तर हा एनिमा करतच नाहीत, सरळ ऑपरेशन. तुमच्या डॉक्टरांनी एनिमा सुचवला म्हणजे ते तपासलं असणार, तरी विचारा. एवढंच आणखी विचारा की मुलांचे सर्जन हजर आहेत का आणि ऑपरेशन थिएटर तयार आहे का. दोन्ही असेल तर वेळ घालवू नका. नाकातली नळी पोट रिकामं ठेवायला आहे, तिला घाबरू नका.

रोटाबद्दल: लसीनं हा धोका अगदी थोडा वाढतो, पण तो मुख्यतः डोसानंतरच्या पहिल्या ३ आठवड्यांत. डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना असतात. तुमच्या बाळाचे होऊन महिने झाले. वहिनींना सांगा, त्यांचं काही चुकलं नाही.

कामठीचा_बाबा, रात्री १.०५
सर्जन होते, सही केली. पहिल्या वेळी अर्धवटच सुटलं. बाळ ठीक होतं म्हणून थोडं थांबून पुन्हा केलं, आणि पाणी पलीकडे गेलेलं मी स्वतः स्क्रीनवर पाहिलं. कांद्याचा तो गोल गेला. आता परत होऊ शकतं का? घरी कधी न्यायचं?

वॉर्ड_सिस्टर, रात्री १.१२
शंभरात साधारण १० बाळांना परत होतं, बरेचदा पहिल्या १-२ दिवसांत. म्हणून ठेवून घेतील. दूध डॉक्टर सांगतील तेव्हाच. घरी गेल्यावर तसंच थांबून थांबून रडणं किंवा हिरवी उलटी दिसली तर रात्र असो की दिवस, लगेच परत या.

मानेवाड्याची_आई, रात्री १.२०
किती बरं वाटलं दादा. आता तो भुकेनं रडेल, रडू द्या. पहिली शी झाली की दुपटं धुवायला टाकू नका, आधी सिस्टरना दाखवा. आणि वहिनींना काहीतरी खायला घाला, सकाळपासून त्यांनीही काही खाल्लं नसेल.